पाचोरा की चोपडा?

मा. संपादक,
स. न.

बसस्थानकाच्या नियंत्रण कक्षात माईकसमोर माझी एकोणीस वर्षं गेली. भोंग्यातून मी ‘पाचोरा’ पुकारलं की दोन-चार जण हमखास चोपड्याच्या गाडीकडे पळायचे. एक गाव तापीपलीकडं, दुसरं पार दक्षिणेला! भोंग्यात स्वर टिकतात, व्यंजनं विरतात. ‘चो’ आणि शेवटचा ‘आ’ तेवढा कानावर पडतो आणि ऐकणारा आपल्या मनातलं गाव त्यात भरतो. चुकीच्या गाडीत बसलेल्यांची मी एक वहीच ठेवली होती. (लिहायची वही, आपल्या खानदेशात लोकगीत म्हणून गातात ती नव्हे.)

पुढं माझाच आवाज बसला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, नांगर धरणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात तशा स्वरतंतूंवर गाठी आल्यात, मौन धरा. आळीतले हार्मोनियमचे मास्तर म्हणाले, गळा आवळून ओरडता, श्वास पोटातून घ्या. वाचा-उपचार करणाऱ्या ताई दुसऱ्या शहरात. त्यांनी ग्लासातल्या पाण्यात नळी धरून बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हणायला लावलं. घरचे हसले, पण गुण आला. भोंगे दुरुस्त करणाऱ्या पोऱ्यानं मात्र एकच विचारलं, “काका, तुमचा आवाज तुम्हाला ऐकू येतो का?” येत नव्हता. खिडकीबाहेर कायम चार इंजिनं चालू. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रान्समधल्या एतिएन लोंबार या डॉक्टरांनी १९११ सालीच मांडलं होतं. समोर माईक असून मी रोज ओरडत होतो.

चौघांचं म्हणणं खरं होतं, पण चौघे एकमेकांना ओळखत नव्हते. याचा निरोप त्याला पोहोचवायचं काम रोग्याकडं, तेही त्याचा आवाज बसलेला असताना.

जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना नीट पाहिले ते डॉक्टरनं नव्हे, एका गायनगुरूनं. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला आणि दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं. गाणं, वैद्यक आणि प्रकाशाचं शास्त्र तिथं एकाच माणसात बसलं. आपल्याकडं ते तीन इमारतींत बसतं.

आपल्या खानदेशच्या अहिराणी बोलीचंही तेच. खिडकीवर आजी विचारते, “भाऊ, पारोयानी गाडी कव्हय येई?” म्हणजे पारोळ्याची गाडी कधी येईल? अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. नातवाच्या फोनला मी हेच वाक्य ऐकवलं, तर त्यानं भलतंच लिहिलं. २०११च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच मोजली जाते) ही आपली भाषा म्हणून सांगणारे अठरा लाखांवर होते. या बोलीतले आवाज कोणीतरी टिपले पाहिजेत : दात गेलेल्या आजीचा, केळीच्या बागेतल्या मजुराचा, तंबाखूनं घसा गेलेल्याचासुद्धा, आणि ज्याचा त्याला विचारूनच. एकच ध्वनिमुद्रण संगणकवाल्याला फोनला ही बोली शिकवायला उपयोगी पडेल, भाषावाल्याला उच्चार तपासायला आणि डॉक्टरला धडधाकट आवाज कुठला नि बिघडलेला कुठला, हे ताडून बघायला.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठानं यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ एक खोली द्यावी. नवा विभाग नको, फीत कापणं तर नकोच. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथले घशाचे डॉक्टर यावेत. भौतिकशास्त्र, संगणक आणि भाषेची मंडळी यावीत. शिवाय कीर्तनकार, वही गाणारे, शाळामास्तर आणि तो भोंगेवाला पोऱ्याही. निबंध वाचू नयेत. प्रत्येकानं एक आवाज टिपून आणावा आणि त्याबद्दलचा आपला प्रश्न मांडावा. पहिले सहा महिने एकमेकांची भाषा समजण्यातच जातील. डॉक्टर म्हणतील ‘गाठ’, मास्तर म्हणतील ‘आवाज फाटतोय’, पोऱ्या म्हणेल ‘ट्रेबल गेला’. जाऊ देत.

१६ एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो. पहिली बैठक तेव्हा ठेवता येईल, उन्हं उतरल्यावर. मी वही घेऊन येईन. बोलणं मात्र बेतानंच होईल.

– एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, अमळनेर