एकच कॉम्प्युटर, दोन टेबलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरून काम करणाऱ्याला एका जागी बसणे जमत नसेल तर त्याने सरळ लॅपटॉप घ्यावा, असा सल्ला आपल्या पुरवणीतील लेखात वाचला. तो अपुरा आहे. घरात आजारी माणूस असलेल्या आणि तरीही काम न सोडलेल्या बायकांच्या तर तो फारसा उपयोगाचा नाही, म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीत सीए म्हणून प्रॅक्टिस करते. ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून दिवसाचा मोठा भाग मला मागच्या खोलीत त्यांच्यापाशी असावे लागते. मध्ये सोपा आणि स्वयंपाकघर. पुढे यंत्रमागवाले बिलांच्या पिशव्या घेऊन येतात, ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला थ्री-बी या जीएसटी विवरणपत्रांची घाई. मागे बाबांची कूस बदलायची, औषध द्यायचे, नुसते जवळ बसायचे. मला दुसरा कॉम्प्युटर नको होता. आहे त्याच कॉम्प्युटरपुढे दुसरी बसायची जागा हवी होती.

यात मोठा फरक आहे. माझे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स एका वापरकर्त्याचे आहे. डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखी छोटी काडी, एका वेळी एकाच कॉम्प्युटरच्या यूएसबीत बसते. पक्षकारांचा सगळा डेटा एका डिस्कवर आहे. दुसरे मशीन आणले की कोणत्या फाइलमधला आकडा शेवटचा, हे शोधत बसावे लागते, आणि सप्टेंबरअखेरीस टॅक्स ऑडिटचे रिपोर्ट अपलोड करताना असा घोळ मला परवडत नाही. शिवाय दिवसभर ताळेबंद पाहायला मोठा पडदा आणि आकड्यांचा वेगळा कीपॅड लागतो. मांडीवरच्या लॅपटॉपवर मान आणि डोळे दोन्ही जातात.

एका कॉम्प्युटरला दोन कीबोर्ड आणि दोन माऊस खुशाल जोडता येतात. विंडोज चौघांचेही ऐकते, फक्त पडद्यावर बाण एकच असतो. बऱ्याच डेस्कटॉपच्या मागे मॉनिटरसाठी दोन जागा असतात. तिथे दुसरा मॉनिटर लावून सेटिंगमध्ये 'डुप्लिकेट' निवडले की दोन्हीकडे तेच चित्र. दोन्ही मॉनिटर एकाच रिझोल्यूशनचे घ्यावेत, नाहीतर एकावर अक्षरे पुसट दिसतात.

खरा प्रश्न अंतराचा. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच धरावी. त्यापुढे सिग्नलही दमतो आणि ५ व्होल्टची वीजही बारीक तारेत कमी पडते. आमच्याकडे एका दुकानदाराने १० मीटरची साधी केबल 'चालते की' म्हणून हाती दिली. कीबोर्ड मध्येच गायब व्हायचा, आकडा अर्धाच उमटायचा. हिशेबाच्या कामात अर्धा उमटलेला आकडा किती घातक, हे वेगळे सांगायला नको. वायरलेस कीबोर्डही दोन भिंतींपलीकडून भरवशाचा राहत नाही.

या कामासाठी केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस) एक्स्टेंडर नावाची डब्यांची जोडी मिळते. एक डबी कॉम्प्युटरपाशी, दुसरी लांबच्या टेबलावर, आणि मध्ये नेटवर्कला वापरतात तीच कॅट-६ केबल. तिच्यातून चित्रही जाते आणि कीबोर्ड-माऊसही. फुल एचडी चित्र ५० मीटरपर्यंत नेणारे एक्स्टेंडर मिळतात, म्हणजे घराला पुरून उरते. साध्या प्रकारच्या डब्यांमध्ये ही केबल थेट जोडायची, राऊटरमधून न्यायची नाही. केबल शुद्ध तांब्याची मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल बाजारात सर्रास खपवली जाते. ती घेऊ नये. आपली केबल लाइटच्या वायरिंगच्या पाइपातून ओढू नये, वेगळी केसिंग पट्टी मारून घ्यावी. मागची डबी आणि मागचा मॉनिटर इन्व्हर्टरवर घ्यायला वायरमनला आठवणीने सांगावे. नव्या लॅपटॉपपेक्षा आणि टॅलीच्या वाढीव लायसन्सपेक्षा हे सगळे मला कितीतरी स्वस्त पडले.

आता टोकन पुढे कॉम्प्युटरलाच असते आणि सहीचा पिन मी बाबांच्या खाटेशेजारून टाकते. काळजी एकच घ्यावी लागते. मी मागे काम करत असले की एका पक्षकाराचे आकडे पुढच्या पडद्यावर दुसऱ्यालाही दिसू शकतात. म्हणून मागे जाताना पुढचा मॉनिटर बंद करते. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवले आहे.

रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कद्वारे हाच कॉम्प्युटर चालवणे, का नाही, असे कुणी विचारेल. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही मार्ग आहे, पण विंडोजच्या होम आवृत्तीवर बाहेरून तसे जोडून घेता येत नाही, प्रो लागते. शिवाय त्या पद्धतीत मूळ कॉम्प्युटरला लावलेले सहीचे टोकन दिसत नाही, आणि माझे निम्मे काम तिथेच अडते. एनीडेस्कसारख्या ॲपमध्ये टोकनची ही अडचण येत नाही. पण २०१९ मध्ये त्याच ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले होते. ॲप स्वतः वाईट नाही. तरी लोकांचे पॅन आणि बँक खाती ज्या मशीनवर आहेत, त्याचे दार मी बाहेरच्या इंटरनेटकडे उघडणार नाही. माझी केबल घराबाहेर जात नाही.

आपल्या तंत्रज्ञानाच्या सदरात दर आठवड्याला नव्या मोबाइलची ओळख असते. त्यातली एक जागा या विषयाला द्यावी, अशी विनंती आहे. शिवण, भाषांतर, डीटीपी, शिकवण्या, हिशेब अशी कामे करता करता घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाहणाऱ्या कितीतरी बायका माझ्या ओळखीत आहेत. त्यांना दुकानात फक्त 'दुसरा घ्या' एवढेच ऐकायला मिळते. आणि जे आत्ता घर बांधत आहेत त्यांना बिल्डरने किंवा वायरमनने प्लास्टरच्या आधीच प्रत्येक दोन खोल्यांमध्ये एक रिकामा पाइप टाकून द्यावा. आमच्याकडे तो नव्हता, त्यामुळे स्वयंपाकघराची भिंत फोडावी लागली.

आपली,
एक सीए वाचक, इचलकरंजी