कपाचा कान

उत्सुनोमिया,
७ मे

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

पुण्याच्या कॅफेने कानवाले कप मागितलेत आणि सुकताना कान जोडापाशी तडकून सुटताहेत, असं वहिनीने फोनवर सांगितलं. तेव्हाच म्हटलं, आता माशिकोला जाऊन डोळ्यांनी बघायचं आणि मगच तुला लिहायचं. कुंभारांचं हे जपानी गाव इथून बसने तासाभरावर आहे. मेच्या सुट्टीत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे भांड्यांची जत्रा भरते. रस्त्याच्या कडेने नुसते तंबू, आणि बहुतेक तंबूंत ज्याने भांडी घडवली तोच विकायला बसलेला.

आधी तुझं काम. तू मातीची वळी करून, वाकवून कपाला चिकटवतोस ना? तिथल्या एका कुंभार बाईंनी मला वेगळी रीत दाखवली. मातीचा लांबट गोळा डाव्या हातात उभा धरायचा, उजवा हात पाण्यात बुडवायचा आणि गाईची धार काढल्यासारखं वरून खाली ओढत जायचं. दर ओढीला पाणी घ्यायचं. ओढता ओढता माती लांबते, चपटी होते, आणि तिच्यातले कण एका दिशेला बसतात म्हणून वाकवताना तडकत नाही. काहीजण आखूड तुकडा आधी कपाला जोडतात आणि तिथेच लटकता ठेवून ओढतात. म्हणजे वरचा जोड जाड राहतो आणि खाली जाताना कान निमुळता होतो.

कप किती सुकलेला हवा, हे मी त्यांना मुद्दाम विचारलं. नख उमटेल पण बोट रुतणार नाही, इतपत. कप जास्त सुकला आणि कान ओला राहिला, तर कान मागाहून जास्त आकसतो आणि जोड सोडतो. तुझ्याकडे हेच होत असणार, त्यातून उन्हाळ्याचे दिवस. जोडायच्या दोन्ही जागा काट्याने खरवडायच्या, त्याच मातीचा पातळ चिखल लावायचा, दाबायचं आणि मग कप ओलसर फडक्याखाली झाकून सावलीत दोन-तीन दिवस हळूहळू सुकू द्यायचा. खालचं टोक त्या अंगठ्याने दाबून सोडून देतात, घासून गुळगुळीत करत नाहीत. मी घेतलेल्या कपावर तो अंगठ्याचा खळगा स्पष्ट दिसतो. कप धरला की माझी करंगळी आपोआप तिथे टेकते.

दादा, ही रीत मुळात जपानची नव्हे. इथल्या चहाच्या पेल्यांना कान नसतोच, दोन्ही हातांत धरून पितात. १९२० मध्ये शोजी हामादा नावाचे तरुण कुंभार बर्नार्ड लीच या इंग्रज मित्राबरोबर इंग्लंडला गेले आणि दोघांनी सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावी जपानी पद्धतीची, उतारावर चढत जाणारी भट्टी बांधली. इंग्लंडच्या जुन्या खेडवळ सुरया आणि कानवाले मोठे पेले त्यांनी तिथे जवळून पाहिले. १९२४ मध्ये हामादा परत आले आणि माशिकोत राहायला गेले. लीचही पुढे जपानला येत राहिले. १९५४ मध्ये क्यूशू बेटावरच्या ओन्ता गावच्या कुंभारांना त्यांनी असे ओढलेले कान करायला शिकवले. त्या ओन्तात माती ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी मुसळांनी कुटतात. आबांना हे नक्की वाचून दाखव, माती कुटून त्यांचे खांदे गेले.

हामादा आले तेव्हा माशिको काही नामांकित नव्हतं. पाण्याचे रांजण, वाटायची खोलगट भांडी, चहाच्या किटल्या, असा तोक्योच्या स्वयंपाकघरांना पुरवायचा माल तिथे व्हायचा. किटल्यांवर डोंगर-झाडांची चित्रं काढणाऱ्या मासू मिनागावा या बाई दिवसाला शेकड्यांनी किटल्या रंगवत. माती जाडीभरडी, वाळूची. हामादांनी बाहेरून चांगली माती मागवली नाही. गावचीच माती, गावच्याच एका दगडाची पूड करून केलेली काचेसारखी तांबूस-तपकिरी झिलई आणि भाताच्या तुसाच्या राखेची पांढरी झिलई, मुख्यतः यांवर आयुष्यभर काम केलं. पळीने झिलई ओतून ते ताटावर एका झटक्यात नक्षी काढत. पंधरा सेकंदांत होतं की हे, असं कुणी म्हटलं, तर त्यात साठ वर्षं मिळवा, असं ते सांगत. १९५५ मध्ये सरकारने त्यांचा राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून सन्मान केला. त्यांची आठ कप्प्यांची भट्टी २०११ च्या भूकंपात ढासळली, ती पुन्हा बांधून २०१५ मध्ये पेटवली.

आणखी एक, ते तुला धंद्यासाठी सांगते. १९५८ पासून योकोकावा स्टेशनवर गरम भात माशिकोच्या मातीच्या भांड्यात विकतात. लोक भात खातात आणि भांडं घरी नेतात. तू दह्याची मडकी करतोस त्याला कमी समजू नकोस. गावाच्या चुली अशाच मालावर पेटत्या राहतात.

दराचं सांगते. मी घेतलेला कप तीन हजार येनचा, म्हणजे आपले दीड-पावणेदोन हजार रुपये. तू तेवढे माग असं मी म्हणत नाही. पण घेणारे काय करत होते बघ: कप उचलायचे, उलटा करून बुडाची कड बोटाने चाचपायचे, ओठाला लागणारी कड बघायचे, मग किंमत विचारायचे. घासाघीस एकानेही केली नाही. ती बाई शांतपणे आकडा सांगत होती आणि आपण आठवडी बाजारात ‘घ्या हो, दोन रुपये कमी द्या’ म्हणतो ते आठवून मला वाईट वाटलं. तुझ्या कपाचा दर तू ठरव, कॅफेवाल्यांना ठरवू देऊ नकोस.

पण ऑर्डर घेण्याआधी भाजणीचा विचार कर. माशिकोची भांडी साडेबाराशे अंशांच्या वर भाजतात, आपला आवा आठ-नऊशेच्या पुढे क्वचित जातो. आपला माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, पण कप पाझरला तर दूध आत मुरेल आणि वास धरेल. झिलई लागेलच, आणि ती शिशाची नको, कोणी स्वस्तात दिली तरी नको. बेळगावजवळच्या खानापूरला खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्था आहे, आपल्या गडहिंग्लजहून लांब नाही. तिथे तुझी माती घेऊन जा आणि ती किती आच सोसते हे विचारून ये. तोवर कॅफेला फक्त नमुने दे, शब्द देऊ नकोस.

मी तो कप आणि कान ओढतानाचा व्हिडिओ पाठवते. बाईंनी हौसेने काढू दिला, तू कुंभार आहेस म्हटल्यावर त्यांनी तुझी माती कुठल्या रंगाची हेही विचारलं. काळी-तांबडी असं मी म्हणाले, पण भाजल्यावरचा रंग नीट सांगता आला नाही, तेव्हा एक फुटका तुकडा फोटो काढून धाड.

आबांनी रात्री खोकल्याचा काढा घेतला का ते विचार. आईला आणि वहिनीला नमस्कार, पोरांना गोड पापा. रविवारी फोन करते.

तुझी,
धाकटी