सुधे, तुझी गाणी ऐकली

प्रिय सुधे,

हे पत्र तीन वर्षं उशिरा लिहितेय. मध्ये वाढदिवसाचे निरोप गेले-आले, पण ते मी धरत नाही आणि तूही धरू नकोस. आई बरी आहे, म्हणजे आहे तशी. माझी पाठ जुनीच. तब्येतीचं एवढंच.

परवा मास्तरांच्या जिन्यात ताई भेटली. इकडचंतिकडचं झालं आणि चपला घालता घालता म्हणाली, "सुधानं गिटार भाच्याला देऊन टाकली, माहितीय ना? हल्ली गात नाही ती." मग निघूनही गेली. मी जिन्यातच उभी. मास्तर आतून दोनदा म्हणाले, "कोण आहे गं?" मला ओ देता येईना.

त्या रात्री आईला औषध देऊन झालं, ती झोपली आणि मी वॅश्टी बन्यनचा 'लुकआफ्टरिंग' लावला. तू दिलेली तीच सीडी, पहिल्या पानावर तुझं तिरकं अक्षर असलेली: 'कुमीस, भांडण मिटलेलं नाही.' ते खरंच मिटलेलं नव्हतं. आज मिटवते. तू बरोबर होतीस. हे वाक्य तू कापून कपाटाला चिकटवणार, माहितीय मला. चिकटव.

पण ते सांगायला हे पत्र नाही. मला जे लिहायचंय तिथे यायला वेळ लागेल, तू मध्येच शेवटचं पान बघू नकोस.

दादानं वॅश्टीचा पहिला अल्बम, 'जस्ट अनदर डायमंड डे', आणला तो दिवस आठव. गाणी ऐकण्याआधी आपण आतला कागद वाचला. इथेच काहीतरी चुकलं असं मला आता वाटतं. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या जॅगर आणि रिचर्ड्सचं गाणं मिळालेली, लंडनमध्ये पुढची कोणीतरी होईल असं सगळ्यांना वाटणारी मुलगी. ते काही जमलं नाही. १९६८ साली ती मित्राबरोबर घोडागाडीतून निघते, स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या बेटांकडे, कारण डोनोव्हन या गायकानं तिकडे जमीन घेतलीय आणि तिथे सगळे मिळून राहणार आहेत. वाट वर्षाहून जास्त चालते. वाटेत गाणी होतात. पोचेपर्यंत तिथली माणसं पांगलेली. पुढे १९६९च्या अखेरीस लंडनला येऊन जो बॉइड या निर्मात्याबरोबर ती गाणी ध्वनिमुद्रित करते, डिसेंबर १९७० मध्ये तबकडी निघते, काहीशे प्रती खपतात आणि बाई गाणं सोडून देते. तीस वर्षं! आपण दोघी तो कागद मांडीवर ठेवून रडलो होतो आणि तोवर एक सूरही कानावर पडला नव्हता.

मग त्या अल्बममधलं काय काय आपल्याला लाडकं झालं! रॉबर्ट कर्बीची ती तंतुवाद्यं आणि बासऱ्या, डेव्ह स्वारब्रिकचं फिडल, रॉबिन विल्यमसन. 'लिली पाँड'ची चाल म्हणजे बालवाडीतलं 'ट्विंकल ट्विंकल' आहे हे तुझ्या लक्षात आलं आणि तू भर वर्गात किंचाळलीस. 'जॉग अलाँग बेस' हे तिच्या गाडीच्या घोडीवरचं गाणं ऐकून तुझ्या मोपेडचं नाव बेस पडलं. चढ आला की मी मागून उतरून ढकलायची आणि तू पुढून "चल गं बाई, चल" म्हणत तिच्या हँडलवर थोपटायचीस. ती घोडीसुद्धा एवढी हट्टी नसेल.

आणि मग 'लुकआफ्टरिंग' आला. मूळ अल्बम २००५चा, आपल्यापर्यंत दोन वर्षांनी पोचला. मी काय म्हणाले होते ते शब्दन् शब्द आठवतंय मला: "यात घोडा नाही, गाडी नाही, पाऊस नाही. साठीची बाई घरात बसून गातेय." तू चार दिवस बोलली नाहीस. पाचव्या दिवशी खोलीत येऊन एवढंच म्हणालीस, "शीर्षक तरी समजून घे." मग आपण त्या शब्दाला मराठी शब्द शोधत बसलो. तिनंच बनवलेला शब्द तो. मी म्हटलं 'निगराणी'. तू म्हणालीस, ती तुरुंगात करतात. मग 'सांभाळ', 'देखभाल', 'करणंसवरणं' आणि शेवटी रात्री दीड वाजता दिवा लावून तू मला उठवलंस: "उस्तवार!" मी झोपेत म्हटलं, हो बाई, उस्तवार, झोप आता.

सुधे, आता रोज रात्री मी उस्तवारच करते. आईची उशी, पाणी, कूस बदलणं, पुन्हा पाणी. आणि परवा त्याच खोलीत, आवाज अगदी बारीक ठेवून, मी तो अल्बम पहिल्यांदा सलग ऐकला. अकरा गाणी. निर्माता मॅक्स रिश्टरनं त्या आवाजाभोवती फारच थोडं ठेवलंय, पियानो येतो तोही पाहुण्यासारखा दारातूनच विचारून. तिचा आवाज तेव्हा साठीला आलेला, तरी चढलेला नाही की जड झालेला नाही. कुजबुजीच्या जेमतेम वर. आपण शेजारच्या खोलीतलं माणूस उठू नये म्हणून गातो तसा. पंचविशीत मला तो आवाज अशक्त वाटला होता. अगं, तो अशक्त नाही. झोपलेल्या माणसाच्या उशाशी गाणाऱ्याचा आवाज तेवढाच असतो.

'हिअर बिफोर' तर मी तीनदा लावलं. आणि 'वेवर्ड'! ते घरात रुतल्याचं आणि रस्त्याची ओढ न गेल्याचं गाणं आहे, हे तू मला सांगायचा प्रयत्न केला होतास. मी म्हणाले होते, यात रस्ता कुठे आहे? सगळा रस्ताच आहे त्यात. खिडकीच्या आतून दिसणारा. मुखपृष्ठावरचं चित्र तिच्या मुलीनं काढलेलं आहे, हेही मी या वेळी पहिल्यांदा नीट पाहिलं. तीन मुलं वाढवली तिनं त्या तीस वर्षांत. आपण त्या काळाला 'मौन' म्हणायचो आणि त्या शब्दावर फार खूश असायचो.

मला आता कोडं पडलंय ते हे. तिच्यावर जीव टाकणारे आपल्यासारखे जे सगळे आहेत, ते कशावर जीव टाकतात? तबकडी शोधणाऱ्यांनी शोधली, एकमेकांना नकला करून दिल्या, नाव जपलं, हे सगळं थोर आहे. त्यांच्यामुळेच १९९७ साली तिनं इंटरनेटवर स्वतःचं नाव टाकून पाहिलं तेव्हा तिला कळलं की आपली वाट कोणीतरी पाहतंय. त्यांच्यामुळेच २००० साली तो अल्बम पुन्हा निघाला. मी त्यांच्यातलीच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण 'डायमंड डे'वर बोलताना आपण सगळेच डोळे ओले करून त्या तीस वर्षांशी येतो आणि तिथे जरा रेंगाळतो. ती उपेक्षा आपल्याला गोड लागते. ती आपण भोगलेली नाही, म्हणून. तिला त्या सगळ्या काळात तो अल्बम फसलाच असं वाटत राहिलं. आणि ज्या अल्बममध्ये ती त्या वर्षांबद्दल स्वतःच्या तोंडानं बोलली, तो ऐकायला आपल्याला घोडा हवा होता! लोक अजूनही तिला लोकसंगीतवाली म्हणतात. ती कधीपासून सांगतेय की मी ती नव्हे. कोण ऐकतंय?

आता येते मुद्द्याशी. चहा करून आले मध्ये.

तीन वर्षांपूर्वी तू मला सहा गाणी पाठवलीस. फोनवर केलेली. सोबत एकच ओळ होती: 'ऐक आणि खरं सांग.' मी पंधरा दिवसांनी लिहिलं: 'मस्त झालीत! मजा आली.'

सुधे, मी ती ऐकली नव्हती.

लिहिलं एकदाचं. तेव्हा बाबांचं सगळं चाललं होतं हे तुला ठाऊक आहे, पण तो बहाणा मी करणार नाही. सहा गाण्यांना वीस मिनिटं लागतात. पंधरा दिवसांत वीस मिनिटं निघतात. खरं कारण दुसरं आहे आणि ते मला परवा जिन्यात उभी असताना समजलं. मी घाबरले होते. गाणी वाईट निघाली तर तुला काय सांगू, अशी भीती असती तर बरं होतं. ती चांगली निघाली तर? तू एवढी वर्षं भात लावता लावता, मुलांचे डबे भरता भरता ते करत राहिलीस आणि मी कधीच सोडून दिलं, हे मला ऐकावं लागलं असतं. आपण दोघींनी एकत्र सुरू केलं होतं ना ते. म्हणून 'मस्त' लिहिलं आणि सुटले.

आणि तू ओळखलंस. तुला कळलं नसेल असं मी स्वतःला तीन वर्षं सांगितलं. पण मास्तरांच्या पहिल्या कार्यक्रमाला मी असंच 'मस्त' म्हणाले होते तेव्हा तू लगेच विचारलं होतंस, "कुठलं मस्त?" या वेळी तू विचारलंच नाहीस. उलट काही लिहिलंच नाहीस.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे. गिटार माझ्यामुळे गेली का? मी फार मोठी समजतेय का स्वतःला? भाच्याला हवी होती म्हणून दिली असशील. बोटं दुखत असतील. कंटाळा आला असेल, माणसाला येतो. ताईला तरी सगळं कुठे ठाऊक असतं, तिनं एकदा मास्तरांना दोन दिवस दवाखान्यात आहेत म्हणून सांगितलं होतं आणि ते गच्चीवर पत्ते खेळत होते. पण मग पुन्हा वाटतं, वॅश्टीला काय हवं होतं १९७० साली? लाखभर लोक नव्हे. कोणीतरी ऐकून काहीतरी म्हणणं. पुढे डेव्हेंड्रा बॅनहार्ट नावाच्या त्या गाणाऱ्या पोरानं तिला पत्र लिहून विचारलं होतं, मी गात राहू का? तिनं हो म्हणून कळवलं. २००४ साली त्याच्याच अल्बममध्ये ती त्याच्याबरोबर गायली. तिला कोणी पाठवलं नव्हतं असं उत्तर आणि तिनं मात्र पाठवलं. मी ते वाचून त्या वेळी तुलाच फोन करून हुंदके दिले होते. आणि माझ्याकडे तुझं तसंच पत्र पडून होतं, सुधे. सहा गाण्यांचं.

तेव्हा परवा 'लुकआफ्टरिंग' संपल्यावर, रात्री दीडलाच (तुझी वेळ), मी तुझी गाणी लावली. आईनं एकदा कूस बदलली आणि विचारलं, "कोण गातंय?" मी म्हटलं, सुधा. म्हणाली, "आवाज उतरला नाही पोरीचा." एवढं तिचं. आता माझं ऐक, तू मागितलं होतंस तसं खरं.

पहिलं गाणं मला आवडलं नाही. त्यात तू अजून कोणालातरी दाखवायला गातेयस. दुसरं बरंय, पण लांबलंय, शेवटचं कडवं काढ. पाचव्यात कुकरची शिट्टी आलीय ती कृपा करून काढू नकोस, ती अगदी समेवर आलीय आणि तू तिच्यासाठी अर्धी मात्रा थांबलीस, ते मला फार आवडलं. चौथं मला कळलं नाही, पुन्हा ऐकेन. सहाव्यात शब्द संपतात आणि तू नुसती गुणगुणतेस, मग बाहेरून कोणीतरी हाक मारतं आणि तू "आले" म्हणून बंद करतेस. 'लुकआफ्टरिंग'सुद्धा शब्दांशिवायच्या गुणगुणण्यावर संपतो. मुद्दाम केलंस का? केलं नसशील, तर मला आणखीच काटा येतो.

तुझं काय चाललंय? धाकटीचं दहावीचं झालं ना, अभिनंदन सांग तिला. भावजींच्या बदलीचं काय ठरलं? घराचं काम संपलं की नाही? सगळं सविस्तर कळव, मी घाईत विचारतेय कारण आई उठलीय.

आणि तिसरं गाणं. ते जिन्याचं. ते मी आजवर नऊ वेळा ऐकलंय. दुसऱ्या कडव्यात "ओलांडून" या शब्दावर तू वर जाशील असं वाटतं, सगळी तयारी वर जायची आहे आणि तू अचानक खाली येतेस. पहिल्यांदा वाटलं, चुकली. आता तिथे आलं की मी हातातलं काम थांबवते. ते तू ठरवून केलंस की गाताना झालं? आणि गिटारीवर तिथे कुठली पट्टी धरलीस, मला सापडत नाहीये. मी माझी माळ्यावरून काढलीय, दोन तारा तुटल्यात, उरलेल्या चारांवर शोधतेय. कळव.

तुझी,
कुमी