मांजरांच्या मायक्रोचिपबद्दल सूचना

सर्व मांजरपालक सभासदांना नमस्कार.

'मांजराला चिप नसेल तर ५०० पौंड दंड' हा मेसेज ग्रुपवर फिरतोय. खरा आहे, पण इंग्लंडपुरता, आणि दंड ५०० पौंडांपर्यंत. तिथे १० जून २०२४ पासून मांजर २० आठवड्यांचं होण्याआधी चिप बसवणं सक्तीचं झालंय. कोथरूडात पौंडांची पावती फाडायला कोणी येणार नाही, घाबरू नका.

तरीही चिप बसवून घ्याच. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने बसवतात. तिच्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. स्कॅनर फिरवला की १५ आकडी क्रमांक दिसतो, बस्स. त्या क्रमांकापुढे तुमचा चालू मोबाइल नंबर नोंदवलेला नसेल, तर चिप असून नसल्यासारखी. दिवाळीच्या फटाक्यांत बोके कुठल्या कुठे पळतात, हे वेगळं सांगायला नको.

मुलांकडे इंग्लंडला मांजर न्यायचं असेल, तर आधी चिप, मगच रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर लस पुन्हा टोचावी लागते. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबणं, हेही धरा. विमानाची तिकिटं त्यानंतरच काढा.

गळ्यातल्या पट्ट्यावरचा फोन नंबर मात्र राहू द्या. वॉचमनकाकांकडे स्कॅनर नाही.