खडे वेचायला लावणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात माझी भाची तुमच्या खो-खोच्या मैदानावरून घरी आली ती दोन्ही तळहात मातीने माखलेले घेऊन. वहिनीने विचारलं, आज काय शिकवलं? ती म्हणाली, "खडे वेचले, झाडलं, पाणी मारलं. मग थोडा वेळ खेळलो." वहिनी भडकली. "पोरगी खेळाले पाठवली का झाडाले?" मैदानाच्या कडेला स्कूटीवर बसून थांबणाऱ्या आणखी दोघा-तिघा आयांचंही हेच म्हणणं आहे म्हणे. तुमच्या कानावर आलंच असेल. तुम्ही कोणाला समजावायला जाणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

मी वहिनीला समजावायला गेले, पण दोन वाक्यांत जमेना. रात्री ड्युटीवर जाताना लक्षात आलं की पंधरा वर्षांत तुम्हालाही मी हे कधी बोलून दाखवलेलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. त्या आयांनीही वाचावं.

आधी मैदानाचं सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती मोकळी जागा वाटते. आपल्या नागपूरची जमीन काळी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तिला बोट आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात तीच जमीन पायाला चिकटून उचलून येते. तिच्यावर खो-खो होत नाही. म्हणून वरून मुरूम आणि चाळलेली माती पसरायची, संध्याकाळी पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी रोलर फिरवायचा आणि मग फक्की मारून पाट्या आखायच्या. मुरमातले खडे तरी दर आठ दिवसांनी वर येतातच. सूर मारणाऱ्या पोरीच्या छातीखाली, गुडघ्याखाली नेमका तोच खडा असतो.

तुमचा नियम होता की जी पोरगी ज्या चौकोनात बसणार, तिथले आणि बाजूच्या आडव्या पाटीतले खडे तिनेच वेचायचे. सातवीत असताना एकदा मी उशिरा पोहोचले. माझी जागा तशीच सोडली आणि बसले. खेळ सुरू झाल्यावर दहा मिनिटांत माझ्याच समोर एका मुलीने सूर मारला आणि गुडघा फोडून घेतला. तुम्ही तिला बाजूला बसवलं, जखम धुतली, आत रुतलेला खडा काढला. मग तोही पाण्याने धुतला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा तुया हाये," एवढंच म्हणालात.

तुरीच्या दाण्याएवढा होता. पुढे कित्येक महिने तो माझ्या कंपासपेटीत पडून होता.

पोरी मैदान का झाडतात, हे वहिनीला मी आता असं सांगते. झाडायला माणूस लावणं तुम्हाला अशक्य नव्हतं. पण मग पडणाऱ्या मुलीचा गुडघा हा त्या माणसाचा विषय झाला असता, आमचा नाही.

मेहनत हा शब्द तुमच्या तोंडून मी फारसा ऐकला नाही. अजनीच्या रेल्वे शेडमधली रात्रपाळी संपवून तुम्ही सरळ मैदानावर यायचे. साडेपाचला आम्ही पोहोचायचो तेव्हा तुमच्या शर्टाला ग्रीसचा वास असायचा. एक रुपया घेत नव्हता. उन्हाळ्यात सात वाजले की शिट्टी वाजायची, कितीही रंगात आलेला डाव असो. "ऊन खाऊन कोणी मोठं होत नाही," म्हणायचे. डिसेंबरच्या थंडीत हात गारठून फक्कीचा डबा धरवत नसे, तेव्हा पहिल्या पाट्या तुम्ही आखायचे आणि उरलेल्या आमच्याकडे द्यायचे.

आणि ती उठ-बस! चौकोनात दबा धरून बसायचं, डोळे मिटायचे, पाठीला हात लागून 'खो' ऐकू आला की त्याच क्षणी सुटायचं. आधी उठलं तर फाऊल, उशिरा उठलं तर समोरची रनर निसटली. एकीने घाई केली की सगळी रांग पुन्हा बसायची. शंभर-शंभर वेळा. तेव्हा कंटाळा यायचा, पायांत गोळे यायचे. "बसलेली पोरगी आराम करत नसते, तिचाच नंबर येऊन राहिला असते," हे तुमचं वाक्य आमच्या सगळ्यांना पाठ होतं.

एकदा घोटा मुरगळला होता तो लपवून मी तीन दिवस पळाले. मला वाटलं तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही मोजे काढायला लावले, सूज बघितली आणि पंधरा दिवस घरी पाठवलं. त्या पंधरा दिवसांत मी तुमच्यावर फार चिडले होते. आज वॉर्डात दुखणं अंगावर काढून आलेली तरणी मुलं बघते तेव्हा तुमचा तो घोटा दाबून बघणारा अंगठा आठवतो. दुखणं सांगणं हीसुद्धा खेळाडूची जबाबदारी आहे, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

आता ती गोष्ट, जी लिहायची म्हणून मी हे पत्र घेतलं आणि एवढा वेळ टाळते आहे.

मी दहावीत, सतरा वर्षांखालच्या संघाची कॅप्टन. जिल्हा जिंकून आपण विभागीय स्पर्धेला चंद्रपूरला निघालो होतो. बारा मुलींची फाईल माझ्याकडे होती. जन्मदाखले, बोनाफाईड, फोटो लावलेली ओळखपत्रं. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघींच्या दाखल्यांच्या झेरॉक्स कमी आहेत म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. लाइट गेली, आली, दुकानात गर्दी झाली. झेरॉक्स घेतल्या, पैसे दिले, घरी आले. मूळ दाखले मशीनच्या काचेवर तसेच राहिले. रात्री फाईल बॅगेत टाकली, उघडून बघितली नाही.

चंद्रपूरला तपासणीच्या टेबलावर मूळ कागद मागितले. मी फाईल तीनदा उलटी केली. तिथल्या लोकांचं काहीच चुकलं नव्हतं, नियम सगळ्यांना सारखा होता. दोघी बाहेर बसल्या. त्यातली एक आपली सगळ्यात चांगली रनर. तिची हूल कोणालाच कळायची नाही, खांबाला वळसा घालताना तिला पकडणारी मुलगी आख्ख्या विभागात नव्हती. दहा जणींनी खेळलो, दुसऱ्या डावात एकीचा पाय लचकला, नऊ उरलो. दोन गुणांनी हरलो.

त्या वयात विभाग हरणं म्हणजे काय, हे खेळाडूच्या घरालाच ठाऊक. विभागानंतर राज्य. तेव्हा राज्यस्तराचं प्रमाणपत्र हाती आलं की दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळायचे. ज्यांच्या घरी क्लासला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी त्या गुणांचं मोल वेगळंच असतं.

परतीच्या एसटीत तुम्ही मला रागावला नाहीत. बुटीबोरी मागे पडल्यावर माझ्या शेजारी येऊन बसलात.

"फाईल कोणाजवळ होती?"

"माझ्याजवळ."

"मंग दोघींच्या घरी सांगाले कोण जाईन?"

मला वाटलं होतं तुम्ही सांगाल. मोठ्या माणसांनी सांगायचं असतं, असंच मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकल घेऊन माझ्याबरोबर आलात, पण दोन्ही घरी फाटकाबाहेरच थांबलात. पहिल्या घरी त्या मुलीच्या आईने मला खूप सुनावलं. बरोबरच होतं तिचं. दुसरं घर नागपूरच्या नंदनवन भागातलं. त्या रनरचे बाबा तर्री-पोह्यांची गाडी लावायचे. दुसऱ्या दिवसाच्या तर्रीसाठी कांदे चिरत बसले होते. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी विळी थांबवली नाही. शेवटी फक्त विचारलं, "पुढच्या वर्षी वयात बसन का ते?"

नव्हती बसत. मी 'नाही' म्हणाले. ते 'बरं' म्हणाले आणि पुढचा कांदा घेतला.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी कदाचित विसरले असते.

बाहेर येऊन मी तुमच्यासमोर रडले आणि म्हणाले, मला कॅप्टन राहायचं नाही, फाईल दुसऱ्या कोणाला द्या. तुम्ही काही बोलला नाहीत. सोमवारी सकाळी सगळ्या मुलींना गोल उभं केलंत. मला वाटलं आता माझं नाव येणार. तुम्ही म्हणालात, "आदल्या रात्री फाईल पाहाची होती मले. थे माहं काम होतं. मी नाही पाहाली." आणि मग माझ्याकडे बघून, "फाईल तुयाजवळच राहीन."

दादा, त्या एका वाक्याचे आभार मानायला मी पंधरा वर्षं घेतली. माझ्याकडून फाईल काढून घेणं किती सोपं होतं. संघाला तेच बरं वाटलं असतं, मलासुद्धा. मग मी जन्मभर 'जिच्याकडून फाईल विसरली ती मुलगी' राहिले असते. तुम्ही ती माझ्याकडे ठेवलीत. पुढची दोन वर्षं मी त्या फाईलच्या आतल्या बाजूला यादी चिकटवून बोट ठेवून एकेक कागद मोजला. मी चुकले तेव्हा बाजूला उभं राहून स्वतःचा वाटा सगळ्यांसमोर सांगणारा मोठा माणूस त्या वयात मला दिसला. असा माणूस पुढे कामाच्या ठिकाणीही फार कमी वेळा दिसला.

मी आज आयसीयूत स्टाफ नर्स आहे. ड्युटी बदलताना आम्ही 'ओव्हर' देतो-घेतो. कोणत्या बेडला कोणतं औषध किती वाजता गेलं, कोणाची सलाईन किती उरली, इमर्जन्सी ट्रॉलीत काय कमी आहे. रात्रभर जागून डोळे मिटत असतात, घाई असते, 'सगळं ठीक आहे' म्हणून निघून जावंसं वाटतं. मी बोट ठेवून वाचते. नव्या मुली हसतात कधीकधी. मला मात्र झेरॉक्सच्या मशीनची काच दिसत असते.

वहिनीला मी एक गोष्ट मान्य केली. भाची खेळाकडे वळली ती झाडण्यासाठी नाही. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल झाली, प्रियंका इंगळेच्या भारतीय संघाने नेपाळला ७८-४० ने हरवलं, तेव्हा ती टीव्हीसमोर उड्या मारत होती. तिला तसं व्हायचं आहे आणि व्हावं. ओजस देवतळेने २०२३ मध्ये तिरंदाजीत जग जिंकलं, दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक आणला, उमेश यादव खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीतून भारतीय संघात गेला. ही आपल्याच मातीतली मुलं आहेत, पोरींनी ही नावं घोकावीत. पण मैदानावर रोज सकाळी येणाऱ्या चाळीस मुलींपैकी तिथवर कदाचित एखादी जाईल, कदाचित एकही नाही. मी राज्यापर्यंतही गेले नाही. माझ्यासारख्या उरलेल्या एकोणचाळीस जणींना मैदानाने काय दिलं, हे वहिनीने मला विचारायला हवं. मी ट्रॉफी दाखवू शकत नाही. माझ्या हाताखालचा पेशंट सकाळी ज्या अवस्थेत पुढच्या नर्सच्या ताब्यात जातो, ते दाखवू शकते.

ती रनर आता हिंगण्याच्या एका शाळेत खेळ शिकवते. गेल्या वर्षी भेटली होती. चंद्रपूरचा विषय मीच काढला. ती म्हणाली, बाबा तेव्हा तुझ्याबद्दल म्हणाले होते, पोरगी सांगाले आली तरी. आणि हेही म्हणाली की तुम्ही त्याच रात्री एकटे पुन्हा त्यांच्या घरी गेला होता. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात जिल्हास्तर आहे, चौदाखालच्या मुलींचे कागद गोळा करायचे आहेत, असं भाची सांगत होती. शनिवारी माझी नाइट संपते. सातपर्यंत येते. फाईल मला द्या, दोघी मिळून बघू, ती आणि मी. मूळ कागद वेगळ्या पाकिटात घालू. आणि शुक्रवारी संध्याकाळी मैदानाला पाणी तुम्ही मारू नका, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच महिने झालेत. वहिनी स्वतः भाचीला घेऊन येणार आहे, पाइप धरायला.

तुमची,
सतरा वर्षांखालच्या संघाची जुनी कॅप्टन