सुतारकाका, सहावीच्या वर्गातर्फे आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला वाचायचा कंटाळा, ठाऊक आहे. नात वाचून दाखवेल. पंचवटीतल्या आमच्या शाळेत येऊन सहावीच्या मुलांना तुम्ही पाट करायला शिकवलंत, त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

कार्यानुभवाचा तास बऱ्याचदा कसा उरकतो, ते मी शिक्षिका असून सांगते. आईबाबांनी रात्री जागून केलेली नाहीतर दुकानातून आणलेली वस्तू, आणि वहीत ‘अ’ श्रेणी. तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत, “घरी काही न्यायचं नाही. होईल ते इथंच.”

आणि लाकूड तरी कुठलं आणलंत! जुन्या नाशकात पाडलेल्या वाड्याचे सागवानी तुकडे. रंध्याला हात लावायच्या आधी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवायला लावलंत, कारण आत मोडका खिळा राहिला असेल तर रंध्याचं पातं गेलंच. एका मुलीच्या हाताला मधेच ओढ जाणवली. वरून काहीच दिसत नव्हतं. तुम्ही पटाशीने जरा उकरलंत, तर काळाकुट्ट वाकडा खिळा निघाला. मग काय, उरलेला तास सगळा वर्ग खिळेच शोधत बसला, आणि तुम्ही बसू दिलंत.

रंधा उलट्या रेघेवर गेला की लाकूड उचकटतं, हे तुम्ही सांगितलं नाहीत. फळी फिरवून पुन्हा पोराच्या हातात दिलीत. काटकोन तपासायच्या गुण्याखालून उजेड दिसला की परत रंधा. एक पालक म्हणाले, “जरा तुम्हीच सरळ करून द्या ना.” तुम्ही म्हणालात, “मग पाट माझा झाला.”

फिनलंडने १८६६ साली हस्तकला शाळांत सक्तीची केली. आपल्याकडे गांधीजींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस आहेत, गावातल्या सुतार-कुंभारांकडून शिकायला. पण धोरणातला तो सुतार वर्गात यायला कुणाला तरी रोजी बुडवावी लागते. ती तुम्ही बुडवलीत. वर मानधनाच्या अर्जात तुमची शैक्षणिक पात्रता विचारली गेली, त्याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीनंतर हीच मुलं चौरंग करायला बसतील म्हणतात, म्हणजे एकमेकांत बसवायची कुसू आणि खाच आली. लाकूड घट्ट धरायचे शिकंजे शाळा घेणार आहे, मंजुरी आणलीय. पात्याला धार लावायला मात्र तुम्हीच शिकवा. मीही पोरांबरोबर बसणार आहे.

तुमची,
सहावीच्या वर्गशिक्षिका