तात्या, दोरी आता सुलटी आहे

तीर्थस्वरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र नातू तुम्हाला वाचून दाखवील, कारण चष्मा तुम्ही नेहमीसारखा रंध्याच्या पेटीतच विसरला असाल. चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही 'ह्या काय आता' म्हणत उठता आणि गोठ्याकडे चालू लागता. इथून उठून जाता येणार नाही.

पायाने चालवायच्या लेथवर लाकडी वाडगे कातायचा हा किडा माझ्या डोक्यात कुठून शिरला ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. इंग्लंडात रेडिंगला नोकरीनिमित्त होते, तेव्हा तिथल्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात एक लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवत कातायचं यंत्र, पाहिला. जॉर्ज लेली नावाच्या कातार्‍याचा. बकलबरीच्या माळावर एका झोपडीत हा माणूस जन्मभर एल्मच्या लाकडाचे वाडगे कातत राहिला. एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचा. 1958 साली तो गेला आणि तिथली ही विद्याच त्याच्यामागे थांबल्यासारखी झाली. पुढे बर्‍याच वर्षांनी रॉबिन वूड नावाच्या कारागिराने तिचा पुन्हा अभ्यास करून पायाच्या लेथवर वाडगे करायला सुरुवात केली. मी त्या काचेसमोर उभी राहून विचार करत होते तो आजीच्या काठवटीचा. मधोमध तडा गेलेली, पत्र्याची पट्टी मारलेली, तरी तिच्याशिवाय आजीला भाकरीचं पीठ मळवत नसे.

गावी परत आल्यावर काढलेल्या फोटोंवरून मी कामाला लागले. दिसायला काय सोपं! दोन जाड वासे आडवे, त्यांच्या फटीत दोन खुंटे उभे, खालून पाचर मारून आवळलेले. खुंट्यांना आतल्या बाजूने लोखंडी टोकं. वर लवचीक काठी, खाली पायाने दाबायची पावडी, आणि दोघींमध्ये एक दोरी. लाटण्यासारख्या गोल दांड्याच्या एका तोंडाला खिळे, ते ओंडक्यात ठोकून बसवायचे. मग ओंडका आणि दांडा मिळून दोन टोकांच्या मध्ये धरायचे आणि दोरीचे वेढे त्या दांड्याला द्यायचे. पाय दाबला की लाकूड आपल्याकडे फिरतं, तेव्हा कापायचं. पाय सोडला की काठी दोरी वर खेचते, लाकूड उलटं फिरतं, तेव्हा हत्यार केसभर मागे घ्यायचं.

पहिल्या दिवशी माझा लेथ अंगणातून चार पावलं चालला, हे तुम्ही पाहिलंत. हसला नाहीत, तेवढ्याबद्दलसुद्धा आभार. दुसर्‍या दिवशी वाशांचे पाय जमिनीत गाडले. तिसर्‍या दिवशी पावडीवर नाचून नाचून पोटर्‍या भरून आल्या, तरी लाकडाचा टवकाही निघेना. हत्यार नुसतं घसरत होतं. तुम्ही ओसरीवरून सुपारी कातरत बघत होतात. मग तिथूनच म्हणालात, "दोरी उलटी घातलंस गो."

खरंच उलटी होती. दोरी दांड्याच्या मागच्या अंगाने खाली उतरत होती, त्यामुळे पाय दाबला की लाकूड माझ्यापासून लांब पळायचं. ती पुढच्या अंगाने, माझ्या बाजूने उतरायला हवी होती. उठून येऊन तुम्ही दोनच वेढे सोडून परत घातलेत. पुढच्याच दाबाला लांबलचक ओली साल माझ्या पदरात पडली.

तुम्हाला हे एवढ्या लांबून कसं दिसलं, ते संध्याकाळी कळलं. दहा-बारा वर्षांचे असताना तुम्ही एका कातार्‍याकडे दोरी ओढायला जायचात. आपल्याकडचा कातारी तेव्हा जमिनीवर बसायचा. त्याच्या लेथला ना काठी असायची ना पावडी. समोर बसलेलं दुसरं माणूस दोरी इकडून तिकडे ओढायचं आणि तो हत्यार धरायचा. लाखेचा रंग चढवताना, केवड्याच्या पानाने चकाकी आणताना दोरीचा वेग कसा बदलायचा, हे तुम्ही हातानेच हवेत ओढून दाखवलंत. मी विचारलं, मग कातायला कधी शिकलात? "माका कोण हत्यार देतलो? दोरीवालो मी." पुढे सुतारकी शिकलात, दारं-खिडक्या केल्यात, पण लेथवर हत्यार कधी लावलं नाहीत.

इंग्लंडातल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाचा रस्ता आहे. त्या नावाचा अर्थच वाडगे-पेले कातणार्‍यांची आळी असा होतो. तिथे खोदकामात हजारेक वर्षांपूर्वीचे लाकडी गाभे सापडले: वाडगा आतून कोरताना मधे जो शंकू उरतो आणि शेवटी मोडून टाकायचा, तेच. सावंतवाडीच्या चितारआळीत, लाकडी खेळण्यांच्या त्या आळीत, उभं राहिलं की मला ते आठवतं. पण दोरी कोण ओढायचं, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

असो. आभारांची यादी काही संपलेली नाही. मी आणलेला सागाचा सुका ठोकळा तुम्ही पायाने बाजूला सारलात. "सुक्या लाकडाक कित्याक लागलंस? वला बघ." आणि कुंपणात पडलेलं शिवणीचं झाड दाखवलंत. माझी प्लास्टिकच्या नळीची काठी काढून तिथे माणगा बांधायला लावलात. माणगा भरीव असतो, दुसर्‍या बांबूसारखा पोकळ नाही, म्हणून दिवसभर वाकूनही पिचत नाही. तो अवसेलाच तोडायला हवा, हा तुमचा हट्ट मात्र मला अजून पटलेला नाही. तरी तोडला अवसेलाच.

आणि ते आकडीचं हत्यार! वाडग्याच्या आत सरळ पटाशी चालत नाही, टोकाला वळलेली धार लागते. लोहाराला मी फोटो दाखवला तर तो म्हणाला, असलं काही आम्ही करत नाही. तुम्ही भंगारातल्या गाडीच्या स्प्रिंगचा तुकडा घेऊन त्याच्या भात्याशेजारी बसलात आणि दोन चहांत काम करून घेतलंत. तेलात विझवल्यावर परत जरा तापवून, पेंढ्याच्या रंगावर आल्याबरोबर थांबवलंत. पहिलं मोडलं, ते मी घाई केली म्हणून. दुसरं अजून चालतंय.

मजुरीचं विचारलं तर ढलप्यांचं पोतं उचललंत, न्हाणीच्या चुलीसाठी.

पहिला वाडगा वाळताना वाकडा झाला, आता तो अंडाकृती आहे. ओल्या लाकडाचं तसंच होतं. तो तुमच्या घरी पोचलाय आणि काकी त्यात लसूण ठेवतात, असं कळलं. त्याचा गाभा तुमच्या नातवाने पळवला, खिळा ठोकून भोवरा केला. फिरतो म्हणे, थोडा लंगडत.

परवा दुपारी मी पाणी आणायला आत गेले होते. बाहेर आले तर तुम्ही पावडीवर उभे. आकडी तुमच्याच हातात. पाय दाबत होतात, कापत होतात, सोडत होतात, आणि दोरी आपली आपण वर जात होती. मी तशीच दारात उभी राहिले. तुम्ही वर पाहिलं नाहीत, म्हणून हाक मारली नाही.

शिवणीचा दुसरा ओंडका पाण्यात बुडवून ठेवलाय, चिरू नये म्हणून. रविवारी या. काठवटीएवढा रुंद आहे. माझा पाय कमी पडेल.

तुमची,
वरच्या वाडीतली मुलगी